वृत्त मोडलं की कविता संपते का?

केवडा

परवा एका समूहावर आलेली पोस्ट अजून डोक्यातून जात नाही. तिथल्या गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं: वृत्त नाही, यमक नाही, पाठ होत नाही, ते गद्य. ओळी तोडून एकाखाली एक लिहिल्या की कविता होत नाही. वृत्त-यमकाचं बंधन सोडलेल्या मुक्तछंदाने मराठी कवितेचं वाटोळं केलं, म्हणून आज लिहिणारे रग्गड आणि वाचणारा कोणी नाही. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहितो.

पद्य म्हणजेच कविता, असं आपल्या परंपरेनेही कधी मानलेलं नाही. अमरकोश पद्यात आहे, भास्कराचार्यांची लीलावती पद्यात आहे. एक कोश, दुसरं गणित. तोंडपाठ करायला सोपं जावं म्हणून तसं लिहिलं. उलट बाणभट्टाची कादंबरी जवळजवळ सगळी गद्यात, आणि तिला काव्य म्हणतात. दंडी या काव्यशास्त्रकाराने काव्याचे प्रकारच गद्य, पद्य आणि मिश्र असे केले. विश्वनाथ या दुसऱ्या शास्त्रकाराच्या 'वाक्यं रसात्मकं काव्यम्' (रसपूर्ण वाक्य म्हणजे काव्य) या व्याख्येत वृत्ताचं नावही नाही. तेव्हा 'परंपरा बुडाली' म्हणणाऱ्यांनी आधी परंपरा उघडून बघावी.

दुसरं, ज्यांच्या नावाने हे खडे फोडतात त्या मर्ढेकरांच्या कित्येक कविता ओवी-अभंगाच्या चालीवर आहेत. 1947 साली 'काही कविता' आल्यावर अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. पण लोकांच्या डोक्यात 'नवकविता म्हणजे छंद नाही' हे जे बसलं ते बसलंच. आणि ज्या कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, त्यांनीच पुढे दहा ओळींची बांधीव दशपदी आणली. छंद ठेवायचा की सोडायचा, हे त्या त्या कवितेला काय हवं त्यावर ठरतं.

मी स्वतः एकच करून बघतो. तोडलेल्या ओळी सलग लिहून काढतो. काही गळालं नाही, तर ते गद्यच होतं, तिथे पोस्टवाल्यांशी माझं भांडण नाही. पण काही गळालं तर ते काय होतं, याचं उत्तर 'वृत्त' हे नसतं.

गणमात्रा

केवडासाहेब, ती पोस्ट माझी नाही, पण मी तिच्या बाजूचा आहे.

अमरकोशाचं उदाहरण तुम्ही उलटं वापरलंत. वृत्त असलं म्हणजे कविता होतेच, असं कोण म्हणतं? वृत्त नसेल तर ती कविता आहे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न आहे. भुजंगप्रयात वृत्तात लिहिणाऱ्याला ओळीच्या बारा अक्षरांत लघु-गुरूचा, म्हणजे आखूड-लांब अक्षरांचा, हिशोब चुकवता येत नाही. चुकला तर शेंबडं पोरही सांगेल. मुक्तछंदात चूक दाखवायची सोयच नाही. जे लिहाल ते बरोबर! म्हणून तर जो उठतो तो कवी. कार्यक्रमांना मी जातो. माणूस उठतो, प्रस्तावना मोठी करतो, कविता छोटी वाचतो आणि 'ही मला सुचली तेव्हा' इथून पुन्हा सुरू करतो. पुढच्याचा नंबर लागेपर्यंत ऐकणारा अर्धमेला. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ओवीत लिहिलं ते आजही लोकांच्या तोंडी आहे. गेल्या वर्षी ऐकलेल्या मुक्तछंदातली एक ओळ म्हणून दाखवा.

उंबरठा

दाखवते. माझीच आहे, म्हणून हवं तेवढं झोडा.

आई गेल्यावर
तिच्या चष्म्याचा नंबर
मला लागला.

यात वृत्त कुठलं? पण 'मला लागला' वर ठेवून बघा, किंवा 'आईच्या मृत्यूनंतर' असं करून बघा. चूक लगेच दिसते. मुक्तछंदात चूक दाखवायची सोय नाही, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

आणि 'जो उठतो तो कवी' हे फार ऐकलंय. घरात कोणी कविता लिहितं म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. कोणावर लिहिलीस, आणि एक ऐकव ना. बाई असेल तर पहिला प्रश्न जरा जास्तच बारीक डोळ्यांनी. माझ्या सासरी माझी वही 'तिचा छंद' म्हणून ओळखली जाते. तुमच्या त्या कार्यक्रमात उठणारा माणूस वर्षभर असल्या प्रश्नांतून तगून तिथे उभा असतो, ते आधी बघा.

गणमात्रा

ताई, वाक्य चांगलं आहे. मनापासून सांगतो, चांगलं आहे. पण ते वाक्य आहे. आत्मचरित्रात आलं असतं तरी एवढंच लागलं असतं.

वाटसरू

वृत्ताबद्दल पुस्तकातलं काही सांगत नाही, घरातलं सांगतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसता हात हलवायचे, 'पा' पाशी अडकायचे, डोळ्यांत पाणी यायचं. एका संध्याकाळी आई सवयीने मनाचे श्लोक म्हणत होती. ती दोन ओळी म्हणून थांबली, आणि पुढच्या दोन ओळी यांनी म्हटल्या. एकही अक्षर न गाळता, तालात. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्याने! आम्ही सगळे जागच्या जागी उभे. पुढे कित्येक दिवस तेवढंच त्यांचं बोलणं होतं.

ज्यांना वृत्त म्हणजे जुनाट साखळदंड वाटतो त्यांनी यावर बोलावं.

केवडा

वाटसरू, वडिलांचं वाचून हललो. झटक्यानंतर बोलणं गेलं तरी पाठ केलेलं, गायलेलं शिल्लक राहतं, असं पुष्कळ रुग्णांत दिसतं. पण पाढेही तसेच राहतात, वारांची नावंही राहतात. यातून वृत्ताची पकड किती खोल असते ते कळतं. कविता म्हणजे काय ते कळत नाही.

वाटसरू

पाढे? माझ्या बापाच्या तोंडून निघालेल्या श्लोकाला तुम्ही पाढ्यांच्या रांगेत बसवता? वाद जिंकायची एवढी हौस?

केवडा

हौस नाही. वृत्त आठवणीला धरून ठेवतं, हा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. मुक्तछंदाकडे हे बळ नाही, हेही मान्य करतो, आणि ते लहानसहान नाही. पण आठवणीत राहणं हाच निकष लावला तर गणमात्रा यांनाही हे कविता म्हणून स्वीकारावं लागेल:

सभेला उशीरा न यावे कुणीही
जरा कागदांची करावी तयारी

शुद्ध भुजंगप्रयात. तीन-तीन अक्षरांचा एकही गण चुकलेला नाही, पाठही होतं. आणि आहे काय? कचेरीतली सूचना.

मुद्रितशोधक

सूचना असो की कविता, 'उशीरा' चूक आहे. मूळ शब्द 'उशीर', सामान्यरूपात, म्हणजे प्रत्ययाआधी शब्द बदलतो तेव्हा, उपान्त्य (शेवटून दुसरा) ईकार ह्रस्व होतो. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, तसं उशीर-उशिरा. आणि 'उशिरा' केलं की तुमचा दुसरा यगण, म्हणजे लघु-गुरू-गुरू हा गण, कोसळला. लघु-लघु-गुरू झालं. म्हणजे शुद्ध भुजंगप्रयातही नाही आणि शुद्ध मराठीही नाही.

गणमात्रा

अहो, पद्यात ही सवलत आहे! मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घाचं स्वातंत्र्य कवीला दिलेलं आहे. तुम्हा मुद्रितशोधकांनी ते कधी वाचलेलं नसतं, हेच दुखणं. एका दिवाळी अंकाला पाठवलेल्या माझ्या कवितेत 'आणी' दीर्घ होतं, मुद्दाम. छापून आलं 'आणि'. ओळ लंगडी झाली आणि खाली नाव माझं! संपादकांना फोन केला तर म्हणाले, 'अहो, आम्ही तुमची चूक सुधारली.' आभार मानायला हवे होते म्हणे.

मुद्रितशोधक

नियम मी वाचलेत, रोज वापरतो. त्यात स्वातंत्र्य आहे ते नियम पाळणं शक्यच नसेल तेव्हा. 'उशीरा'च्या जागी 'विलंबे' टाका, वृत्तही राहतं, शुद्धलेखनही राहतं. शक्य होतं ना? मग सवलत कशाला? तुमच्यासारख्यांनी ती सवलत सरसकट करून टाकली आहे.

उंबरठा

पण 'विलंबे' कोण म्हणतं? कोणाच्या घरी 'आज विलंबे आलास' असं बोलतात? वृत्तात बसतो म्हणून न बोलला जाणारा शब्द कोंबायचा, आणि मग लोकांना कविता वाचाविशी वाटत नाही म्हणून रडायचं. बहिणाबाई चौधरींनी हातात लेखणी धरली नव्हती. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने उतरवून घेतल्या, त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक आलं. त्यातला शब्दन् शब्द बोलीतला. त्यांना मुद्रितशोधक भेटला असता तर काय उरलं असतं?

मुद्रितशोधक

बोली बोलीसारखीच छापतात, तिला कोणी हात लावत नाही. प्रमाणभाषेत लिहिणाऱ्याने 'मला सवलत' म्हणायचं आणि नियमही माहीत नसायचे, याला माझा आक्षेप आहे. माझ्या टेबलावर कवितांचा गठ्ठा येतो. त्यातले किती दीर्घ वृत्तासाठी आहेत आणि किती निष्काळजीपणाचे, हे कवीलाही सांगता येत नाही. मुक्तछंदवालेही 'आणी' लिहितात! तिथे कुठलं वृत्त?

गणमात्रा

हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं.

पण 'आणी'ची गोष्ट वेगळी. शब्दाच्या शेवटचा इकार आपण बोलताना दीर्घच उच्चारतो. 'आणि' लिहा नाहीतर 'आणी', तोंडातून 'आणी'च निघतं. कवी कानाने लिहितो. नियम डोळ्यांसाठी केले, आणि कविता कानांना मोजायची, मग भांडण होणारच. मराठी गझलेत हेच. उर्दूत दीर्घ अक्षर वाचताना लघु धरण्याची मुभा आहे, आपण ती घेत नाही. जसं लिहू तसं मोजतो. म्हणून लिहिताना 'आणी' लिहावंच लागतं. एवढी शिस्त पाळणाऱ्यांच्या ओळी तुम्ही मोडता आणि वर शुद्धलेखनाचे पाठ देता!

वाटसरू

मंडळी, धागा कवितेचा होता.

मुद्रितशोधक

कवितेचाच आहे. ह्रस्व-दीर्घाने ओळ मोडते असं कवी म्हणत असतील, तर तो कवितेचाच प्रश्न झाला.

उच्चाराचा मुद्दा 'आणी'पुरता मान्य. पण 'उशिरा'तला 'शि' बोलताना लांबत नाही, म्हणून तिथे कानाचा दाखला चालणार नाही. आणि महामंडळाच्या नियमांत आणखी एक आहे, तो कोणी सांगत नाही. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापायचं, केशवसुतांपासून पुढचं आजच्या नियमांप्रमाणे. म्हणजे रामदासांच्या दीर्घाला मी हात लावू शकत नाही, पण तुमच्या दीर्घाचं कारण विचारायचा मला हक्क आहे.

गणमात्रा

विचारा ना! विचारत नाही, परस्पर बदलता, एवढंच तर माझं म्हणणं आहे.

आणि उंबरठाताई, तुमच्या त्या तीन ओळी काल घरी म्हणून दाखवल्या. पाठ नव्हत्या केल्या, तरी आल्या. बायको म्हणाली, 'चष्म्याचा' बदलू नका. मी अजूनही त्याला कविता म्हणणार नाही. पण शब्द हलत नाही, हे बघितलं.

उंबरठा

तुम्ही काय म्हणता याने ओळीला फरक पडत नाही. घरी म्हणून दाखवल्यात, ते आवडलं.

केवडा

गणमात्रा, शब्द हलत नाही हे तुम्ही बघितलंत, आणि तो जागेवर धरून ठेवणारं वृत्त तिथे नाही. मग तो कशाने धरलाय? पोस्टवाल्या गृहस्थांनाही मला हेच विचारायचं आहे. 'चांगलं वाक्य' हे उत्तर मला पुरत नाही.

गणमात्रा

विचार करून सांगतो. आज नाही.

मुद्रितशोधक

कवींसाठी कामाचं सांगतो. दीर्घ मुद्दाम ठेवला असेल तर प्रत पाठवताना शेजारी समासात 'वृत्तासाठी, तसेच ठेवावे' असं लिहा. हाताने लिहा नाहीतर टंकून, पण प्रत्येक ठिकाणी लिहा. मी तरी अशा अक्षराला हात लावत नाही. आणि वर वृत्ताचं नाव घातलंत तर मोजूनही बघतो.