अंगणातील मॅग्नोलिया: 'लिटल जेम'चा पर्याय

बंगल्यापुढच्या दहा फुटांच्या पट्ट्यात मॅग्नोलिया (मोठ्या पांढऱ्या फुलांचा सदाहरित वृक्ष) लावू नये, तो पंचवीस मीटरपर्यंत वाढतो, असा सल्ला दिला जातो. मूळच्या आग्नेय अमेरिकेतील वृक्षाविषयी ते खरेच आहे; मात्र 'लिटल जेम' हे त्याचेच आटोपशीर वाण साधारण सहा मीटरच्या आसपास थांबते, लहान वयात फुलू लागते आणि एकाच बहरावर न थांबता उन्हाळ्यापासून पुढे कित्येक महिने अधूनमधून फुले देत राहते. कलमच घ्यावे, बियांपासूनच्या रोपाला फुलायला दहा वर्षेही लागू शकतात.

पुण्यात खरी अडचण जागेपेक्षा मातीची आहे. सोनचाफ्याच्या या भाऊबंदाला किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन लागते. आपली काळी माती अल्कधर्मी, त्यात बोअरचे जड पाणी, त्यामुळे लोह मिळेनासे होऊन शिरा हिरव्या राहतात आणि पाने पिवळी पडतात. खड्ड्यात पोयटा व भरपूर पालापाचोळ्याचे खत मिसळावे, शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी द्यावे आणि एप्रिल-मेमध्ये बुंध्याभोवती जाड आच्छादन ठेवावे. मुळे उथळ व मांसल असल्याने तिथे खुरपणी अजिबात नको, माळीबुवा कितीही उत्साही असले तरी.