अनुभव धागा : दारू सोडण्यासाठी गटाच्या सभेला पहिल्यांदा जाताना

दारू सोडायची असे ठरवल्यानंतरही सभा कोठे भरते, आत काय विचारतात, ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे, हे विचारायलाच माणसाला संकोच वाटतो. कोल्हापूर आणि परिसरातील ज्यांनी स्वतःसाठी किंवा घरच्या माणसासाठी ही वाट शोधली, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सभेत ऐकलेली दुसऱ्याची हकिकत मात्र कृपया लिहू नये. सुरुवात मीच करतो.

फाउंड्रीतील पर्यवेक्षक, शिरोली

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला गट, याचे नाव मला डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा बोलणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला होता. त्याने माझे आडनावही विचारले नाही; सभेची जागा आणि वेळ सांगितली आणि दाराशी थांबतो म्हणाला. मी मुद्दाम घरापासून लांबचा गट निवडला, कारण आपल्या पेठांत कोणाची गाडी कोणाच्या दारात उभी होती, हे रात्रीपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोचलेले असते. तरीही आत गेल्यावर आमच्याच गल्लीतले एक काका दिसले. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि 'बसा भाऊ' एवढेच म्हणाले. ज्याच्या नजरेची मला भीती होती, तोही त्याच कारणासाठी आला होता. त्यामुळे एकमेकांचे नाव बाहेर न नेण्याची जबाबदारी आम्हा दोघांवर सारखीच होती.

सभेत आधी प्रार्थना आणि वाचन होते. मग एकेक जण फक्त पहिले नाव सांगून, स्वतःला मद्यपी म्हणवून आपली हकिकत सांगतो आणि मध्ये कोणी प्रश्न विचारत नाही. 'आज मी फक्त ऐकतो' म्हटले तरी चालते. फी नसते, पिशवी फिरते, तीत ऐपतीप्रमाणे टाकावे, नाही टाकले तरी कोणी बघत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी शेअर बाजारात काम केलेला एक गृहस्थ आणि एक शल्यविशारद, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. म्हणूनच आजही तेथे उपदेश करणारा तज्ज्ञ नसतो, आणि माझ्यासारख्या उपदेशाला कंटाळलेल्या माणसाला तेच मानवले.

शिक्षिका, राजारामपुरी

माझे यजमान सभेला जायला तयार नव्हते, म्हणून मीच गेले. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो आणि तो १९५१ पासून अस्तित्वात आहे, हे मला ठाऊकच नव्हते. खिसे तपासणे, बाटल्या मोरीत ओतणे, शाळेत त्यांच्या वतीने खोटे निरोप देणे, हे सारे मी प्रेमापोटी करीत होते. ते थांबवले तर घर बुडेल, असे मला वाटे. गटातील वहिनींनी मला हे सारे थांबवण्याचा आग्रह केला नाही. त्यांनी स्वतः काय केले ते सांगितले. यजमान पुढे बऱ्याच काळाने सभेला गेले. ते गेले नसते तरी मी माझी सभा सोडली नसती.

यंत्रमाग कामगाराचा मुलगा, इचलकरंजी

सभेच्या आधीची एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. वडिलांनी निश्चय करून सोडली. प्रथम हात थरथरू लागले, घाम फुटला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आकडीचा झटका आला. आम्ही भूतबाधेच्या चर्चेत वेळ न घालवता दवाखान्यात नेले, म्हणून ते वाचले. असे झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात आणि त्यानंतर भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, असे डॉक्टरांनी समजावले. त्यांनी झोपेची आणि शांत करणारी औषधे दिली, ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. गट त्यानंतर आला. गट औषध देत नाही आणि तसा दावाही करीत नाही.

पुरोगामी चळवळीतील कार्यकर्ता, शाहूपुरी

दारूपासून दूर राहण्यासाठी गट ज्या बारा पायऱ्या सांगतो, त्यांतील ईश्वराचा उल्लेख ऐकून मी पहिल्याच दिवशी उठणार होतो. शाहू महाराजांच्या या गावात वाढलेल्या आणि देव न मानणाऱ्या माणसाने हे का म्हणावे, असा माझा प्रश्न होता. एका ज्येष्ठ सदस्यांनी शांतपणे सांगितले, की 'आपल्याला उमगलेला ईश्वर' असे तेथे शब्द आहेत आणि ज्यांना देव मान्य नाही त्यांतील अनेक जण गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात. माझे मतभेद आजही आहेत. एकट्याच्या बुद्धीने मला दारू सोडता आली नव्हती, ही वस्तुस्थितीही आहे, आणि मी जात राहिलो.

गृहिणी, शहराचे नाव पुरेसे आहे

पिणारी बाई या गावात मोजली जात नाही, फक्त बोलली जाते. खोलीभर पुरुष पाहून मी दारातून परतले. नंतर हेल्पलाइनवरच विचारले, तेव्हा एका महिला सदस्येशी बोलणे करून दिले गेले. बहिणींनो, तसे स्पष्ट विचारा. ऑनलाइन सभांमध्ये कॅमेरा बंद ठेवूनही बसता येते.

शेतकरी, राधानगरी तालुका

शेवटची एसटी लवकर सुटते, म्हणून मला दर सभेला येणे जमत नाही. आखाडात जत्रेच्या जेवणाची बोलावणी सुरू झाली, की मी ताटावर बसण्याआधी माझ्या स्पॉन्सर दादांना, म्हणजे गटातील मला आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, फोन करतो. ज्यांना गट सापडत नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे.