जलरंगातली चित्रं ‘दुसऱ्याची’ वाटतात. स्वतःची शैली ओळखायची कशी?

माहुली_घाट
मी साताऱ्यात असते. जलरंगात निसर्गचित्रं करते: घाट, देवळं, अजिंक्यताऱ्याची उतरण. आकार बहुतेक पाव इम्पिरियल, म्हणजे ११ × १५ इंच. वॉश (पातळ रंगाचा सलग थर) बसतो, ड्रॉइंगही बरं आहे. पण अभिप्राय ठरलेला: ‘छान आहे, पण अमक्यांच्या डेमोसारखं वाटतं.’ आता एका समूह प्रदर्शनासाठी बारा चित्रं द्यायची आहेत आणि ती एका हातची वाटायला हवीत. ‘स्वतःला ओळखा, शैली आपोआप येईल’ असं सगळे सांगतात. ओळखायचं म्हणजे कागद-ब्रश घेऊन नेमकं काय करायचं, ते कुणी सांगेल का? ध्यानधारणा वगैरे नको.

रेघोट्या
डोकं धरून बसून हे कळत नाही. जुन्या चित्रांवरून कळतं. गेल्या दोनेक वर्षांतली चाळीसेक चित्रं बाहेर काढा. फसलेलीही हवीत. किंबहुना तीच जास्त बोलतात, कारण तिथे डेमोची कृती सुटलेली असते आणि हात आपल्या मनाने चाललेला असतो.

सगळी जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने टिपा: क्षितिज किती वर आहे, सर्वांत गडद जागा कुठे आहे, सर्वांत धारदार कडा (हार्ड एज) कुठे आली आहे, एकूण रंग उबदार की थंड, विषयापासून तुम्ही किती लांब उभ्या आहात आणि कागद कोरा कुठे सोडलाय. चांगलं-वाईट लिहायचं नाही. ते लिहायला लागलात की बक्षीस मिळालेलं चित्रच आपलं वाटू लागतं.

मग मोजा. समजा चाळीसपैकी तीस चित्रांत क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात आहे. हा तुमचा कल असेल किंवा डेमो बघून लागलेली सवय असेल. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून उलटं करून बघायचं. एका पूर्ण शीटचे (२२ × ३० इंच) चार तुकडे करा, एकच विषय घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर एकच गोष्ट उलटी करा. एकात क्षितिज वर न्या. दुसऱ्यात गडद जागा मधून काढून कडेला टाका. तिसऱ्यात जिथे नेहमी कडा विरघळवता तिथे त्या कडक ठेवा. चौथ्यात विषयाच्या इतक्या जवळ जा की आकाश उरणारच नाही.

उलटं करून चित्राचं काहीच बिघडलं नाही, तर ती सवय होती, सोडून द्या. चित्र नीट झालं तरी बघताना आतून खटकत असेल आणि काय खटकतंय हे एका वाक्यात सांगता येत असेल, तर ती गोष्ट तुमची. ते वाक्य त्या चित्रामागेच लिहून ठेवा. अशी पाच-सहा वाक्यं जमली की बारा चित्रांची दिशा हातात येते.

एकाच चित्रात दोन-तीन गोष्टी मात्र बदलू नका. कशाने काय झालं ते मग कळत नाही, बहुतेकांचा प्रयोग इथेच वाया जातो.

ओला_कागद
वरचं सगळं मान्य, पण त्याआधी पॅलेट तपासा. ‘अमक्यांसारखं’ वाटण्यातला निम्मा भाग सामानाचा असतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा, मोठ्या मॉप ब्रशचा (भरपूर पाणी धरणाऱ्या मऊ, गोल ब्रशचा) पहिला वॉश, ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब, गाजराच्या आकाराची माणसं, शेवटी पांढऱ्या गॉशचे (अपारदर्शक जलरंगाचे) चार ठिपके. हा संच ज्याच्या हातात जाईल त्याची चित्रं छापाच्या गणपतींसारखी निघणार.

महिनाभर तीनच ट्यूब ठेवा आणि त्यात वरची जोडी नको. यलो ऑकर, लाइट रेड, प्रशियन ब्लू घेऊन बघा. चित्राआधी तक्ता करा: प्रत्येक जोडीची पाच प्रमाणं, प्रत्येक प्रमाण दाट, मध्यम आणि पातळ. तीन जोड्यांचे मिळून पंचेचाळीस चौकोन होतात, एका संध्याकाळचं काम. त्यातले ज्यांच्याकडे नजर पुन्हा पुन्हा जाते त्यांवर खूण करा. निवड तिथे सुरू होते.

काय बिघडेल तेही सांगतो. प्रशियन ब्लूचा जोर फार, ब्रशच्या टोकाएवढा घेतला तरी ऑकर हिरवा होतो. म्हणून निळ्यात ऑकर नाही, ऑकरमध्ये निळा मिसळायचा. ऑकर आणि लाइट रेड अपारदर्शक आहेत, सुकलेल्या गडद भागावरून फिरवले की खडू फासल्यासारखे दिसतात. ते खालच्या थरातच वापरा. आणि तिन्ही एकदम घोटू नका, रंग मळतो.

कागदाचंही तेच. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) खालचा कागद मोठ्या वॉशला फुगतो, खळग्यांत पाणी साचतं आणि मग बॅकरनची (अर्धवट सुकलेल्या रंगात पाणी परत शिरल्याच्या डागांची) फुलं उमटतात. स्वस्त हँडमेड कागदाचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) कमजोर असतं, कडा आपसूक पसरतात. ‘माझी शैली धूसर आहे’ म्हणणाऱ्याने एकदा चांगल्या सायझिंगच्या ३०० जीएसएम कागदावर तेच चित्र करून बघावं, धूसरपणा तुमचा की कागदाचा ते लगेच कळतं. तुमच्याकडे पावसाळ्यात उघडे ठेवलेले कागद दमट होऊन सायझिंग जातं. त्यावर रंग टाकला की टीपकागदासारखा शोषला जातो, मधेच गडद डाग दिसतात. अशा कागदावरच्या चित्रावरून स्वतःबद्दल काही ठरवू नका.

पारंबी
दोघांनीही फोटोचा मुद्दा सोडला. फोनवरून रंगवत असाल तर चित्रं एकमेकांसारखी होणारच, कारण फोनची मुख्य लेन्स वाइड असते. पायाशी असलेली फरशी अवाढव्य होते आणि मागचा अजिंक्यतारा टेकाडाएवढा उरतो. डोळ्याला तो तसा दिसत नाही. वर हल्लीचे फोन सावली उजळवतात आणि आकाश दाबतात, त्यामुळे टोनचा (गडद-फिक्याचा) निर्णय तुमच्याआधी फोनने घेतलेला असतो.

इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो, परीक्षा झाली की सगळे तो विसरतात. इथे तोच कामाला येतो. जागेवर पंधरा मिनिटं पेन्सिलने स्केच करा, शेजारी शब्दांत रंग लिहा (‘पायऱ्या: ओला करडा, डावीकडे तांबूस’). फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी स्केच पाच मिनिटं बघा, पालथं घाला आणि आठवणीतून रंगवा. जे आठवलं नाही तिथे कल्पनेने तपशील भरायचा नाही, मोठा सपाट आकार ठेवायचा. तीच जागा महिन्यात चार वेळा अशी करा. चारही वेळा जे उरतं, मग ती दीपमाळेची सावली असो की वाळत घातलेलं धोतर, ते तुमचं. जे दर वेळी गळतं ते काढण्यात उगाच वेळ घालवू नका.

अर्धा_वॉश
एक वेगळा सूर लावतो. बारा चित्रांसाठी ‘आवाज’ शोधायची घाई धोक्याची आहे. घाईत माणूस खूण पकडतो: सगळीकडे एक लाल पतंग, सगळीकडे चाकूचे ओरखडे. ती सही झाली, दृष्टी नव्हे.

चित्रकार एस. एच. रझा १९२२ चे. १९५० मध्ये पॅरिसला गेले, वर्षानुवर्षं निसर्गदृश्यं केली आणि बिंदू त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे वा. सु. गायतोंडे १९४८ ला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले, आधी आकृत्या केल्या, चित्रकार पॉल क्लेचा प्रभाव घेतला आणि पुढे एकेक करून आकृती गळत गेली. रोलर आणि चाकू हातात आले ते चित्राला गरज पडली म्हणून. त्यांचा रोलर आज उचलला तर त्यामागची गाळणी आपल्याकडे येत नाही.

आणि उसनं घ्यायला लाजू नका, फक्त एक गोष्ट घ्या. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकलेल्या. १९३६ च्या अखेरीस त्यांनी अजिंठा पाहिलं आणि १९३७ च्या दक्षिण भारतीय चित्रांत आकार सोपे, भरीव झाले, मातीचे रंग आले. बोधिसत्त्व नाही काढले. तुम्हाला डेमोवाल्यांचं काय खरंच आवडतं? प्रकाश? मग तेवढाच घ्या. माणसं, ओला रस्ता, ठिपके परत करा.

माहुली_घाट
सर्वांचे आभार. दोन शंका. रेघोट्या, ती वाक्यं लिहिताना ‘शांत वाटतं’, ‘मोकळं वाटतं’ एवढंच सुचतंय. आणि प्रदर्शनाला सात आठवडे आहेत, यातलं किती जमेल?

रेघोट्या
‘शांत’ चालणार नाही, त्यावरून ब्रश हलत नाही. कुठे आणि कशाने ते लिहा. ‘क्षितिज वर नेलं की घाटाच्या पायऱ्या माझ्या अंगावर येतात, मला त्या खाली उतरताना हव्यात’ हे वाक्य कामाचं, कारण पुढच्या चित्रात कुठे उभं राहायचं ते त्यातून ठरतं. चित्रकार प्रभाकर बरवेंच्या डायऱ्या २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएतल्या (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या) प्रदर्शनात होत्या, ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवेल की टिपण आणि छोटं रेखाटन शेजारीशेजारी नांदतात. तसंच करा, प्रत्येक वाक्याशेजारी काड्यापेटीएवढा थंबनेल, नुसता तीन टोनचा.

सात आठवड्यांत: पहिला आठवडा जुनी चित्रं मोजण्यात आणि तक्त्यात. दुसरा उलट्या चित्रांत. पारंबींची चार वेळांची कृती आता धरू नका, एकदाच करा. पुढचे चार आठवडे एकच परिसर (माहुली पुरे), तीन ट्यूब, एकच कागद, आठवड्याला चार चित्रं. सोळा होतील, बारा निवडायची.

निवड सातव्या आठवड्यात, आणि एकटीने नको. सोळाही चित्रांचे फोटो कृष्णधवल करून एका पडद्यावर मांडा. रंगाची भूल उतरली की रचना दिसते. चित्रकार नसलेल्या कुणाला तरी ‘यातली चार दुसऱ्या कुणाची वाटतात ती काढ’ म्हणा. का, ते विचारू नका, कारण सांगायला लावलं की माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो. काढलेली चार फाडू मात्र नका, कदाचित पुढच्या मालिकेची सुरुवात त्यातच असेल.

ओला_कागद
बाराही चित्रांना एकच माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि एकच फ्रेम लावून एकसारखेपणा आणायचा बेत असेल, तर आधी ती विनामाउंट भिंतीवर टेपने लावून बघा. तिथेही एका हातची वाटली तरच फ्रेमवाल्याकडे जा. आणि माउंट बोर्ड आम्लमुक्त घ्या, नाहीतर काही वर्षांत कापाच्या कडेने कागद पिवळा पडतो.