राखेवरचा माहितीपट दाखवायचा कुठे, धंतोलीत की कोराडीत?

पांढराबोडी: रविवारी नागपुरात धंतोलीतल्या एका हॉलमध्ये वीज केंद्रांच्या राखेवरचा माहितीपट पाहिला. तीस-एक माणसं, त्यातली पंचवीस मला नावानिशी माहीत. फिल्म ५० मिनिटांची, चर्चा सव्वा तास. (एका काकांनी ‘फक्त एक प्रश्न’ म्हणून वीस मिनिटं खाल्ली, प्रश्न शेवटपर्यंत आलाच नाही.) ज्यांच्या अंगणात राख पडते त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. हॉल सोडा, जिथे ही वीज केंद्रं आहेत त्या कोराडी-खापरखेड्याच्या चौकात पडदा लावा.

मागची खुर्ची: लावून पाहिलाय. मे महिना, सव्वासातपर्यंत उजेड, पडद्यावर नुसतं पांढरं. अंधार पडला तर शेजारच्या वरातीचा डीजे. दिग्दर्शक आवाजावर वर्षं घालवतो, तो असा मातीत घालायचा? आणि सगळं फुकट. तर्री पोह्यांना पैसे मोजतो, फिल्मसाठी पन्नास रुपये म्हटलं की खिसा शिवलेला! शिवाय १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. चौकात पोलिसांनी कागद मागितला तर पुढे कोण होणार?

पांढराबोडी: कागद हॉललाही लागतोच, तिथे कुणी विचारत नाही इतकंच. पन्नास रुपयांचं मान्य. पण वस्तीत लोक लक्ष देत नाहीत हे नका सांगू. आनंद पटवर्धनांचा माहितीपट ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तीन तासांहून मोठा आहे, मुंबईच्या वस्त्यांमध्ये लोकांनी बसून पाहिला.

मागची खुर्ची: लोकांबद्दल मी बोललोच नाही. डीजेबद्दल बोललो.

महादुल्याचा: राजेहो, आम्ही महादुल्याचे, कोराडी केंद्राच्या बाजूचे. आमच्याबद्दल बोलून राहिले तर आम्हालेही विचारा न. राख आम्हाले कायले दाखवता? माय गच्चीवर कुरडया घालते, वरून जुनं पातळ झाकते. संध्याकाळी ते पातळ झटकलं की फिल्म झाली आमची. जुलै २०२२ मध्ये राखेचा बांध फुटला तेही पाह्यलं. मे २०२३ मध्ये ६६०-६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी कोराडीत जनसुनावणी झाली, तेही पाह्यलं. फिल्म धंतोलीतच दाखवा. कूलर-एसी तिथं चालते.

मागची खुर्ची: हेच तर म्हणतोय मी.

महादुल्याचा: नाही भौ, तुम्ही आवाजासाठी म्हणता.

पांढराबोडी: हा फटका मला बसला. माझ्या डोक्यात ‘त्यांना कळायला हवं’ असंच होतं. मग तिकडे काहीच दाखवायचं नाही?

महादुल्याचा: चंद्रपूरचं दाखवा. तिथं राख-धूळ आमच्यासारखीच. ते लोक कोणाच्या दारात गेले, काय हाती लागलं, ते पाहू. अन् चर्चेत माईक पहिले आमच्याकडे, काकांकडे मागून.

मागची खुर्ची: बंद खोली असेल तर स्पीकर माझे. पण तिकीट लावा, वीस का होईना. ते बनवणाऱ्याला पाठवू.

पांढराबोडी: समाजभवन मिळेल का तिकडे?

महादुल्याचा: मिळते. जनरेटर घेऊन या फक्त. चिमणीच्या सावलीतबी लाईन जाते.