कॉम्प्युटरचे ५.१ स्पीकर डीव्हीडी प्लेयरला कसे जोडायचे?

सहा_तारा:
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरसाठीचा ५.१ स्पीकर संच आहे: पाच छोटे स्पीकर आणि एक सब-वूफर. सब-वूफरच्या डब्यातून हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन केबल निघतात आणि तिन्हींच्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ मिमी पिन आहे. हा संच डीव्हीडी प्लेयरला जोडायचा आहे. प्लेयरच्या मागे मात्र पिवळी, लाल, पांढरी, हिरवी, निळी, नारिंगी अशी गोल सॉकेटांची रांग आहे. कुठली पिन कुठे जाते? कोणते कन्व्हर्टर लागतील? सहाही स्पीकर वाजतील ना? चुकीच्या जागी लावलं तर काही जळेल का, हेही सांगा.

रेझिस्टर:
आधी एक गोष्ट मनावर घ्या: रंग बघून जोडू नका, सॉकेटवर छापलेलं नाव वाचा. स्पीकरच्या केबलींचे रंग कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाच्या हिशोबाने आहेत, प्लेयरच्या सॉकेटांचे रंग टीव्हीच्या हिशोबाने. दोन्हींकडे हिरवा आणि नारिंगी आहे, पण त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. प्लेयरवरचं हिरवं, निळं आणि त्या दोघांलगतचं लाल ही तिन्ही कंपोनंट व्हिडिओची सॉकेटं. पिवळं म्हणजे साधा व्हिडिओ. नारिंगी असेल तर बहुतेक वेळा कोअ‍ॅक्सियल डिजिटल आउटपुट. स्पीकरची नारिंगी केबल तिथे लावलीत तर सेंटर मुका राहील किंवा नुसता खरखरेल, कारण तिथून आवाज नाही, आकडे बाहेर पडतात.

तुम्हाला शोधायची आहेत ती '५.१ सीएच आउट' असं लिहिलेली सहा सॉकेटं. त्यांच्यावर साधारण एफएल, एफआर (समोरचा डावा, उजवा), एसएल, एसआर (मागचा डावा, उजवा), सी (सेंटर) आणि एसडब्ल्यू (सब-वूफर) अशी अक्षरं असतात. ही सहा असतील तर काम सोपं आहे. '३.५ मिमी स्टीरिओ फीमेल ते दोन आरसीए मेल' असे तीन कन्व्हर्टर घ्या (आरसीए म्हणजे प्लेयरवरच्या त्या गोल सॉकेटांचा प्रकार) आणि असं जोडा:

हिरवी केबल: पांढरी आरसीए एफएलमध्ये, लाल एफआरमध्ये.
काळी केबल: पांढरी एसएलमध्ये, लाल एसआरमध्ये.
नारिंगी केबल: पांढरी सीमध्ये, लाल एसडब्ल्यूमध्ये.

३.५ मिमी पिनचं टोक म्हणजे डावा चॅनल, मधलं कडं म्हणजे उजवा आणि मागचा भाग ग्राउंड. कन्व्हर्टरमध्ये टोक पांढऱ्याला जातं, कडं लालला. मध्ये ३.५ मिमी पिन असलेला आणखी एखादा तुकडा घेतलात तर त्याची पिन निरखून पाहा. काळ्या रेघा दोन असतील तर स्टीरिओ, एकच असेल तर मोनो. मोनो तुकडा मध्ये आला की कडं ग्राउंडला चिकटतं आणि प्रत्येक केबलीचा उजवा चॅनल गप्प होतो. पिवळी-पांढरी-लाल अशी तीन टोकं असलेली कॅमेऱ्याची केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्या पिनला तीन रेघा असतात. ती इथे चालणार नाही.

आता जळण्याबद्दल. सब-वूफरच्या मागेही बऱ्याचदा गोल आरसीए सॉकेटं असतात आणि छोट्या स्पीकरच्या तारा त्यांत खोचलेल्या असतात. सॉकेट तेच दिसतं म्हणून प्लेयरची केबल तिथे लावायचा मोह होतो. ती अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुटं आहेत. प्लेयरचं आउटपुट त्यांना भिडवलं तर प्लेयरचा ऑडिओ भाग जाऊ शकतो. प्लेयरकडून येणारा आवाज फक्त त्या तीन रंगीत केबलींतूनच आत जायला हवा. बाकी लाइन आउटपुट (अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाण्याआधीचा हलका सिग्नल) चुकीच्या लाइन इनपुटात गेल्याने काही जळत नाही, आवाज तेवढा भलत्या स्पीकरमधून येतो. जोडताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा, नाहीतर पिन आत सरकताना वूफर जोरात धडकतो.

कानसेन:
तारा बरोबर जोडूनही दोनच स्पीकर वाजतात, ही तक्रार सर्रास येते. कारण प्लेयर नवा असताना बहुधा स्टीरिओवर लावलेला असतो. रिमोटवर सेटअप दाबा, ऑडिओ किंवा स्पीकर सेटअपमध्ये जा. 'डाउनमिक्स' (सगळे चॅनल मिसळून दोनांत बसवणं) असा पर्याय दिसेल. तिथे एलटी/आरटी किंवा स्टीरिओ असेल तर बदलून ५.१ किंवा ऑफ करा. काही प्लेयर डिस्क चालू असताना हा मेनू बदलू देत नाहीत, तेव्हा डिस्क थांबवून करा. स्टीरिओ डाउनमिक्समध्ये खास वूफरसाठीचा '.१' चॅनल सहसा टाकूनच दिला जातो, म्हणजे नुकसान फक्त मागच्या स्पीकरांचं नसतं.

मग येतो लार्ज-स्मॉलचा प्रश्न. लार्ज म्हणजे बास त्या स्पीकरलाच पाठवा, स्मॉल म्हणजे बास काढून वूफरकडे वळवा. दोन-अडीच इंची कोनमधून खोल बास निघत नाही, म्हणून सगळं स्मॉल करा असा सल्ला मिळतो. पण अनेक कॉम्प्युटर संचांत समोरच्या चॅनलचा बास सब-वूफरचा डबा स्वतःच उचलतो. तुमचा संच कुठल्या जातीचा आहे ते कळायला समोरचे दोन लार्ज ठेवा, नारिंगी केबल काढा आणि गाण्यांची सीडी लावा. वूफर घुमत असेल तर डबा आपलं काम करतोय, समोरचे दोन लार्जच राहू द्या. वूफर गप्प असेल तर समोरचेही स्मॉल करा. सेंटर आणि मागचे दोन्ही परिस्थितींत स्मॉल, सब-वूफर ऑन.

डिले म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं. त्यासाठी टेप घेऊन बसायच्या जागेपासून अंतर मोजा. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. मागचे स्पीकर समोरच्यांपेक्षा एक मीटर जवळ असतील तर त्यांना ३ मिलिसेकंद उशीर द्या. हे केलं नाही तर मागचा आवाज आधी कानावर पडतो आणि पडद्यावरचं दृश्य एकीकडे, लक्ष दुसरीकडे असं होतं.

आणि डिस्कच्या खोक्यावर डॉल्बी डिजिटल ५.१ लिहिलंय का ते पाहा. व्हीसीडी, ऑडिओ सीडी आणि एमपी३ दोनच चॅनलच्या असतात, त्यांत मागचे स्पीकर शांत राहिले तर दोष तारांचा नाही. डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा ध्वनी-प्रकार) ट्रॅक निवडल्यावर सगळंच बंद पडलं तर प्लेयरमध्ये डीटीएस डीकोडर नाही. रिमोटवरचं ऑडिओ बटण दाबून डॉल्बी ट्रॅकवर या.

पांढरं_लाल:
धाग्यात मध्येच विचारतो. प्लेयरला सहा सॉकेटं नसून फक्त एक लाल, एक पांढरं आणि एक कोअ‍ॅक्सियल असेल तर?

जोडकाम:
लाल-पांढऱ्यावरून हिरवी केबल जोडली की समोरचे दोन चालतील, डबा बास उचलणारा असेल तर वूफरही चालेल. वाय जोडणी करून (एका आउटपुटाला दोन फाटे काढून) तोच आवाज काळ्या केबलीलाही देता येतो, पण मग मागे समोरचीच नक्कल ऐकू येते. गाण्यांना ते खपून जातं. सिनेमाला नको, संवादही पाठीमागून येऊ लागतात.

खरा ५.१ हवा असेल तर मध्ये डॉल्बी डिजिटल/डीटीएस डीकोडरचा डबा लागतो: एका बाजूला कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल इनपुट, दुसऱ्या बाजूला सहा आउटपुट. विकत घेताना आउटपुट मोजा. दिसायला तसाच पण फक्त लाल-पांढरं आउटपुट असलेला डबा म्हणजे साधा डीएसी, डिजिटल आकड्यांचा नुसता आवाज करणारा. तो दोनच चॅनल देतो आणि डॉल्बीचा प्रवाह दिला तर बहुतेक गप्प बसतो किंवा खरखरतो. कोअ‍ॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल हवी. व्हिडिओची पिवळी केबल ७५ ओहमचीच असते, ती बिनदिक्कत वापरा. प्लेयरच्या मेनूत डिजिटल आउटपुट 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. ते 'पीसीएम'वर राहिलं तर प्लेयर आधीच दोन चॅनल करून पाठवतो आणि डीकोडरला उलगडायला काही उरतच नाही.

सहा_तारा:
सहा सॉकेटं सापडली, सांगितल्याप्रमाणे जोडलं, डाउनमिक्स ऑफ केलं. सहाही वाजतात. दोन अडचणी राहिल्या. संवाद वूफरमधून घुसमटलेले येतात आणि सेंटर स्पीकर स्फोटाच्या वेळी नुसता थडथडतो. शिवाय डिस्क थांबवली तरी सगळ्या स्पीकरमध्ये बारीक घुंऽऽ चालू असते.

रेझिस्टर:
पहिली अडचण दोन मिनिटांची. नारिंगी केबलीत टोकावर सेंटर आणि कड्यावर वूफर असा क्रम सगळे उत्पादक पाळत नाहीत. तुमच्या संचात तो उलटा आहे. सी आणि एसडब्ल्यूमधल्या पांढऱ्या-लाल पिनांची अदलाबदल करा, संवाद सेंटरवर येतील. त्या छोट्या स्पीकरवर बासचा मारा होतोय, म्हणून हे आजच करा.

घुंऽऽ ही ग्राउंड लूपची दिसते, म्हणजे जोडलेल्या उपकरणांचे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडले जाऊन विजेची गुणगुण आवाजात शिरते. प्लेयर, टीव्ही आणि स्पीकर यांची वीज एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून घ्या. तरी राहिली तर टीव्हीची अँटेना किंवा केबल कनेक्शनची तार काढून पाहा. आवाज लगेच थांबला तर तिथेच उगम आहे. त्या तारेवर आयसोलेटर (ग्राउंडची वाट तोडणारा छोटा तुकडा) बसवा. अर्थिंगची पिन मोडणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा उपाय कोणी सुचवला तर अजिबात करू नका. घुंऽऽ जाईल, पण बिघाड झाल्यावर धातूच्या डब्यात वीज उतरेल. सिग्नलच्या केबली विजेच्या तारांना समांतर बांधल्या असतील तर सोडवा, एकमेकांना ओलांडावं लागलंच तर काटकोनात ओलांडू द्या.

कानसेन:
एक पुरवणी. डीव्हीडी प्लेयरचं लाइन आउटपुट कमाल २ व्होल्टपर्यंत जातं, कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाचं बहुधा त्याहून कमी. स्पीकरचा व्हॉल्यूम कमी असतानाही मोठ्या आवाजाच्या जागी सूर फाटत असेल तर इनपुटवरच जास्त दाब येतोय. प्लेयरच्या रिमोटवर व्हॉल्यूम असेल तर तो थोडा उतरवा आणि कसर स्पीकरच्या नॉबवर भरून काढा. अदलाबदल झाल्यावर प्लेयरची टेस्ट टोन एकदा फिरवून घ्या. प्रत्येक स्पीकर आपापल्या जागेवरून, सारख्याच जोराने ऐकू येईपर्यंत मेनूतले लेव्हल जुळवा.