झाडाच्या सालीसारख्या पोताची नारिंगी काचेची फुलदाणी: कारखाना कसा ओळखावा?

पंचवटीकर
नमस्कार. भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या एका दुकानातून मी नारिंगी काचेची, जाड आणि नळकांड्याच्या आकाराची फुलदाणी घेतली. बाहेरच्या अंगावर बाभळीच्या सालीसारख्या उभ्या भेगा आहेत. तळ घासून गुळगुळीत केलेला आहे, पण त्यावर सही, शिक्का, क्रमांक असे काहीच नाही. उंची १९ सेंटिमीटर भरते. दुकानदार ती इटलीतल्या मुरानोची (काचकामासाठी प्रसिद्ध बेट) असल्याचे सांगत होते, मला मात्र ते पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचसंग्राहक
आपली शंका रास्त आहे. वर्णनावरून ही इंग्लंडच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याची वाटते. त्यांच्या मालावर बहुधा कागदी लेबल असे आणि ते पहिल्या धुण्यातच निघून जाई, त्यामुळे सही शोधण्यापेक्षा कारखान्याच्या जुन्या सूचिपत्रांतील आकार-क्रमांक (प्रत्येक आकार-मापाला दिलेला क्रमांक) पाहणे अधिक भरवशाचे ठरते. तिथले रचनाकार जेफ्री बॅक्स्टर यांनी रचलेल्या आणि १९६७ मध्ये बाजारात आलेल्या खडबडीत पोताच्या मालिकेत सालीच्या फुलदाण्या तीन उंचींच्या आहेत: ९६८९ सहा इंच, ९६९० साडेसात इंच आणि ९६९१ नऊ इंच. साडेसात इंच म्हणजेच सुमारे १९ सेंटिमीटर. तरीही केवळ उंचीवर निर्णय देऊ नये. व्यासही मोजावा आणि उंचीशी असलेले त्याचे प्रमाण सूचिपत्रातील चित्राशी ताडून पाहावे. फोटो काढताना कॅमेरा फुलदाणीच्या मध्यावर आणि बराच दूर ठेवावा, नाहीतर तोंड किंवा तळ फुगलेला दिसतो आणि तुलना फसते.

गंगापूररोडवासी
एक भर घालतो. फिनलंडच्या इट्टाला काच कारखान्यासाठी टिमो सार्पानेव्हा यांनीही १९६४ च्या सुमारास सालीसारख्या पोताची काच घडवली होती, पण त्यांचे साचे लाकडी होते आणि तप्त काचेने जळत जात, त्यामुळे प्रत्येक नगाचा पोत वेगळा येई. व्हाइटफ्रायर्सच्या धातूच्या साच्यातून तीच भेग, तीच गाठ पुन्हा पुन्हा उमटते. खात्रीच्या नगाच्या फोटोत एखादी ठळक गाठ निवडून ती आपल्या फुलदाणीवर त्याच जागी सापडते का, ते पाहावे. हा पुरावा मला क्रमांकापेक्षाही वजनदार वाटतो.

पंचवटीकर
दोघांचेही आभार. खिडकीजवळ धरल्यावर तळाशी रंगहीन काचेचा जाड थर स्पष्ट दिसतो आणि नारिंगी रंग त्याच्या आत आहे. आकार-क्रमांकावरून निर्मितीचे वर्षही कळू शकेल का?

काचसंग्राहक
रंगीत काचेवर रंगहीन काचेचे आवरण देण्याची त्यांचीही पद्धत होती, त्यामुळे शक्यता बळावते. क्रमांक मात्र आकार आणि मापच सांगतो; काळ ठरवण्यासाठी रंग पाहावा लागतो. या मालिकेच्या सुरुवातीच्या रंगांत हा नारिंगी नव्हता, तो १९६९ मध्ये आला, आणि कारखाना १९८० मध्ये बंद पडला. आपला नग त्या दरम्यानचा मानावा. आता व्यास मोजून येथे कळवावा, म्हणजे ९६९० वर शिक्कामोर्तब करता येईल.