मदत हवी आहे : डीएमएचा एनेबल बिट १ करताच पुन्हा ० होतो, आवाज येत नाही

द्राक्षमळा
नमस्कार. पॅकहाऊसमध्ये कामगारांना मराठीतून सूचना देणारे एक छोटे यंत्र आम्ही अंबडच्या शेडमध्ये तयार करत आहोत. त्याचा ध्वनीचा ड्रायव्हर मी तयार लायब्ररी न वापरता, थेट रजिस्टरमध्ये लिहून केला आहे. गेल्या आठवड्यापर्यंत "क्रेट रिकामे करा" ही सूचना स्वच्छ ऐकू येत होती. परवापासून स्पीकर पूर्ण मुका आहे. डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून थेट माहिती हलवणारा भाग) एनेबल बिट १ केला की डीबगरमध्ये पुढच्याच पायरीला तो ० दिसतो. ड्रायव्हरची एक ओळही बदललेली नाही. सोमवारी सकाळी पिंपळगाव बसवंतला यंत्र बसवायचे असून तिकडे हंगाम ऐन भरात आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा.

गंगापूररोड
चिप कोणती, डीएमएचा कोणता स्ट्रीम आणि चॅनेल, आवाजाचे नमुने साठवणारा बफर कुठे ठेवला आहे आणि बिट शून्य झाल्यानंतर स्टेटस रजिस्टरमध्ये काय दिसते, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. या माहितीशिवाय कोणी उपाय सांगितला तर तो अंदाजच असेल.

एम७_अनुभव
हा कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, प्रश्न आहे. मी स्वतः यात चार दिवस घालवले आहेत. प्रोसेसर नमुने कॅशमध्ये लिहितो, डीएमए मात्र थेट रॅममधून वाचतो, त्यामुळे त्याला जुनाच मजकूर मिळतो. बफर ३२ बाइटच्या सीमेवर ठेवा आणि प्रत्येक वेळी भरून झाल्यावर तेवढा भाग कॅशमधून रॅममध्ये उतरवा.

द्राक्षमळा
चिप एसटीएम३२एफ४०७ आहे. डीएमए१, स्ट्रीम ५, चॅनेल ०, एसपीआय३ आय२एस (ध्वनी पाठवण्याची जोडणी) म्हणून. ४८,००० नमुने प्रतिसेकंद, १६ बिट, स्टिरिओ. बफर ४०९६ बाइटचा, सर्क्युलर मोड (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून). आमचा आवाज फक्त डाव्या वाहिनीत असतो, उजवीत शून्ये भरतो. स्टेटस रजिस्टर पाहिले नव्हते, आता पाहतो.

गंगापूररोड
एफ४०७ मध्ये कॉर्टेक्स-एम४ आहे आणि त्याला डेटा कॅशच नाही, त्यामुळे वरचा सल्ला या चिपला लागू होत नाही. शिवाय कॅशच्या चुकीने जुना किंवा फाटका आवाज येतो. त्याने एनेबल बिट आपोआप उतरत नाही. तो हार्डवेअरने उतरवला असेल तर ट्रान्सफर एररची शंका घ्यावी. स्ट्रीम ५ चे ध्वज एचआयएसआर या स्टेटस रजिस्टरमध्ये असतात.

एम७_अनुभव
पहिल्या प्रश्नात चिपचे नावच नव्हते, म्हणून मी माझा अनुभव सांगितला. तो चुकीचा नाही.

जुनी_टेप
मी साउंड ब्लास्टर १६ साठी डॉसवर ड्रायव्हर लिहिले आहेत. तेव्हा ८२३७ या डीएमए नियंत्रकात आधी चॅनेल मास्क करायचे, फ्लिप-फ्लॉप साफ करायचा, पत्त्याचा खालचा आणि वरचा बाइट एकामागून एक लिहायचा आणि पेज रजिस्टर वेगळे भरायचे. चॅनेल १ चे पेज हेक्स ८३ या पोर्टवर असे. आठ बिटच्या चॅनेलवर बफर ६४ किलोबाइटची सीमा ओलांडून गेला तर आवाज पुन्हा त्याच पानाच्या सुरुवातीपासून वाजायचा. नवी मुले एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे मोजणीच्या रजिस्टरमध्ये लांबीपेक्षा एक कमी संख्या लिहायची. तुमचे (४०९६ बाइट म्हणजे १६ बिटचे) २०४८ नमुने असतील तर २०४७ करून पाहा.

पंचवटी_साउंड
एवढा खटाटोप कशासाठी करता? मेमरी कार्डवरून वाजवणारा तयार मॉड्यूल मिळतो. फाइल टाका, एक पिन दाबा, सूचना वाजते.

द्राक्षमळा
सूचनेत वजनाचा आकडा काट्यावरून येतो आणि शब्द जोडून वाक्य तयार होते, म्हणून तयार मॉड्यूल आम्हाला चालत नाही. एचआयएसआरची किंमत हेक्स २०० दिसते आहे.

गंगापूररोड
हेक्स २०० म्हणजे नववा बिट, म्हणजेच स्ट्रीम ५ चा ट्रान्सफर एरर. डीएमएला दिलेल्या पत्त्यावर पोहोचता आले नाही आणि हार्डवेअरने स्ट्रीम बंद केला. एम०एआर या बफरच्या पत्त्याच्या रजिस्टरमधील पत्ता हेक्समध्ये १००० ने सुरू होतो की २००० ने, एवढेच सांगा.

द्राक्षमळा
१००० ने सुरू होतो. बफर मेन फंक्शनमध्ये लोकल आहे.

गंगापूररोड
मग कारण सापडले. ती ६४ किलोबाइटची सीसीएम रॅम आहे. ती फक्त प्रोसेसरच्या डेटा बसला जोडलेली आहे. डीएमएला तिच्याकडे जाणारा रस्ताच नाही. आपण ड्रायव्हर बदलला नसेल, पण लिंकर स्क्रिप्ट (काय कोणत्या मेमरीत ठेवायचे हे ठरवणारी फाइल) कोणी बदलली आहे का? स्टॅक (लोकल चलांची जागा) सीसीएममध्ये गेला की लोकल बफरही त्याच्याबरोबर जातो. बफर स्टॅटिक करा आणि मॅप फाइलमध्ये तो २००० ने सुरू होणाऱ्या रॅममध्ये आल्याची खात्री करा. स्ट्रीम पुन्हा सुरू करण्यापूर्वी एनेबल बिट ० वाचला जाईपर्यंत थांबा आणि एचआयएफसीआरमध्ये लिहून जुने ध्वज पुसा, नाहीतर दुरुस्ती करूनही जुनीच चूक दिसत राहील.

द्राक्षमळा
वेग वाढावा म्हणून सहकाऱ्याने खरोखरच स्टॅक सीसीएममध्ये हलवला होता; ड्रायव्हरशी त्याचा संबंध असेल असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. बफर स्टॅटिक केला, ध्वज पुसले आणि आवाज आला. मात्र आता तो तुटक, थरथरल्यासारखा येतो. मधल्या काळात मी मोजणी २०४७ केली आहे.

गंगापूररोड
ती पुन्हा २०४८ करा. एनडीटीआर या मोजणीच्या रजिस्टरमध्ये बाइटही लिहायचे नसतात आणि एक कमीही नाही. १६ बिटचे जेवढे नमुने, तेवढीच संख्या. २०४७ ही विषम संख्या असल्यामुळे प्रत्येक फेरीला डावी-उजवी वाहिनी अदलाबदल होते. आपला आवाज एकाच वाहिनीत आहे, म्हणून स्पीकरला सुमारे २१ मिलिसेकंद आवाज आणि तेवढीच शांतता मिळते आहे.

जुनी_टेप
८२३७ मध्ये शून्य लिहिले तरी एक ट्रान्सफर होत असे, म्हणून तिथे एक कमी करणे बरोबरच होते. या चिपची पद्धत वेगळी आहे हे मला माहीत नव्हते. मॅन्युअल पाहून सांगायला हवे होते. तसदीबद्दल क्षमस्व.

द्राक्षमळा
२०४८ केल्यावर आवाज स्वच्छ आला. "क्रेट रिकामे करा" सलग अर्धा तास वाजवून पाहिले, एकदाही अडखळले नाही. सर्वांचे आभार.

एम७_अनुभव
हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून एक नोंद करतो. "पत्ता २००० ने सुरू झाला की ठीक" हा नियम एफ४०७ पुरताच धरावा. एसटीएम३२एच७ मध्ये २००० ने सुरू होणारा पहिला भाग डीटीसीएम (प्रोसेसरला थेट जोडलेली रॅम) आहे आणि तिथे डीएमए१ व डीएमए२ पोहोचत नाहीत. त्या चिपवर बफर एएक्सआय रॅममध्ये, म्हणजे २४०० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर ठेवावा, आणि डेटा कॅश चालू असेल तर तिथे माझा पहिला सल्लाही पाळावा लागेल.